नानांचे पाच पैसे

माझ्याकडं आज ९१ पाती आहेत. चाकू, सुऱ्या, विळे, विळ्या, कोयते, अडकित्ते, वस्तरे, चांभारकामाच्या दोन रापी, मेंढ्यांची लोकर कातरायच्या कातरी, एक कलमाचा चाकू. यांतली पैसे मोजून घेतलेली फक्त १४. उरलेली ७७ कुणी ना कुणी माझ्या हाती दिलेली आहेत. हा छंद केवढ्याला पडला, असं कुणी विचारलं की मला आकडा सांगता येत नाही, माणसं आठवायला लागतात. त्यांची नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत. इथं देत नाही, कारण त्यांतल्या कुणालाच आपलं नाव छापून यावं असं वाटलं नसतं. पण एकाला वगळून हे लिहिताच येणार नाही. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. पारनेरचे लोहार.

पारनेर हा पर्जन्यछायेतला तालुका. पाऊस घाटावरच अडतो आणि आमच्यापर्यंत येईतो ढग रिकामे झालेले असतात. बाजरी, मूग, कान्हूर पठाराकडचा वाटाणा, जिथं पाणी तिथं कांदा. आणि ज्यांचं यात भागत नाही त्यांना मुंबईची वाट. गावाचं नाव बाहेर माहीत असतं ते सेनापती बापटांमुळं. १८८० साली ते इथं जन्मले आणि विलायतेहून परत आल्यावर हातात झाडू घेऊन त्यांनी याच गावचे रस्ते झाडले. आजोबांच्या पिढीला ते माहीत होतं. हातातल्या अवजाराला हलकं समजायचं नाही, हे आमच्या घरात कधी वेगळं शिकवावं लागलं नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. वडील खडी फोडायच्या कामावर, आई पाझर तलावाच्या मातीवर. घरात मिलोची तांबडी भाकरी आणि शाळेत सुकडी. त्या वर्षी नानांकडं विळे आणि खुरपी आलीच नाहीत, कारण शेतात कापायला-खुरपायला काही नव्हतं. खळी झाली नाहीत, म्हणून बलुतंही नाही. नानांच्या दारात ढीग पडायचे ते टिकावांचे आणि पहारींचे. आमच्याकडचा काळा पाषाण असा की सकाळी पाजवलेला टिकाव संध्याकाळपर्यंत बोथट होतो. नानांचा थोरला मुलगा मुंबईला निघून गेला होता. भाता ओढायला माणूस नव्हता. मी शाळा सुटली की तिथं जाऊन उभा राहायचो. एक दिवस त्यांनी भात्याची दोरी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "दमानं. श्वास घेतो तसं."

नानांचा भाता वेशीजवळच्या लिंबाखाली, तीन बाजूंनी कूड घालून अंधारा केलेल्या जागेत होता. मला वाटायचं, उन्हासाठी केला असेल आडोसा. त्यांनी सांगितलं, "उन्हात लोखंडाचा रंग कळत नाय बाळा. रंगच कळला नाय, तर काय तापवलं अन् काय पाजलं." पुढं पुस्तकातून वाचताना समजलं की तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून त्याची उष्णता ओळखायची ही रीत जगभरच्या लोहारांची आहे. मी ती लिंबाखाली शिकलो, हे माझं भाग्य.

चार-पाच महिने मी भाता ओढला. रोजगाराची बोली झालेली नव्हती आणि मला ती सुचलीही नव्हती. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गेलो, तर नानांनी झिजलेली एक कानस हातात घेतली होती. "ही आता खात नाय," म्हणाले, "हिचा तुला चाकू करू." कानशीच्या पोलादात कार्बन भरपूर असतो, शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून जास्त, म्हणून तर ती दुसऱ्या लोखंडाला खाते. पण त्यामुळंच ती काचेसारखी ठिसूळही असते. खाली पडली तर तुकडे. नानांना कार्बन हा शब्द माहीत नव्हता. कानशीचा चाकू करायचा तर आधी तिचा राग घालवावा लागतो, हे माहीत होतं. त्यांनी ती लाल केली आणि राखेच्या ढिगात पुरून ठेवली. "आता उद्या. शनवारचं लोखंड घरी न्यायचं नाय."

रविवारचं सगळं मला काल घडल्यासारखं आठवतं. राखेतून काढलेली कानस मऊ झाली होती. नानांनी ती लोणारी कोळशात तापवून ऐरणीवर घेतली, टोक काढलं, एका अंगानं पातळ केली. मुठीत जाणारं शेपूट ओढलं. पाठीजवळचा भाग मात्र त्यांनी ठोकला नाही, म्हणून कानशीचे आडवे दात तिथं तसेच राहिले. आजही बोट फिरवलं की ते लागतात. मग पातं पुन्हा भट्टीत. डाळिंबाच्या दाण्याचा रंग आला, तसं ते सांडशीनं उचललं आणि डोणीत उभं बुडवलं. दुष्काळात डोणीतलं पाणीसुद्धा जपून वापरलेलं, काळं, कोमट. चर्रर्र असा आवाज झाला. मला वाटलं, झाला चाकू.

"अजून नाय," नाना म्हणाले. पात्याची एक बाजू त्यांनी विटेच्या तुकड्यानं घासून पांढरी केली. पहारीचं तापलेलं टोक बाहेर काढून त्यावर पात्याची पाठ टेकवली, धार वर. "आता बघ, रंग पळतो." आणि खरंच, पाठीकडून धारेकडं रंग पळायला लागला. आधी वाळल्या गवतासारखा फिका पिवळा, मग मागून तांबूस, त्याच्या मागं जांभळा, निळा. पिवळा धारेला पोचला मात्र, नानांनी पातं पुन्हा पाण्यात घातलं. पाठ निळी, म्हणजे चिवट. धार पिवळी, म्हणजे कडक. एकाच चार बोटांच्या पात्यात दोन स्वभाव. हा रंग साधारण सव्वादोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसमध्ये बदलत जातो, असं मी नंतर वाचलं. माणसाच्या डोळ्यानं ते काही क्षणांत पकडायचं असतं. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येत नाही, पण पुढची पन्नास वर्षं मी पात्यांच्या मागं का लागलो, याचं कारण ते रंग आहेत.

मूठ बाभळीची. तिला शेंबी घातली ती मोडक्या स्टोव्हच्या पितळी नळीची. शेवटी पोगरानं पात्यावर तीन टिंबं उमटवली, चुलीच्या तीन दगडांसारखी. नानांना लिहिता येत नव्हतं. ती टिंबं म्हणजे त्यांची सही.

मी हात पुढं केला. नानांनी चाकू हातात दिला नाही, ऐरणीवर ठेवला. "धारेची वस्तू हातावर देऊ नये. तू उचल. अन् फुकट घेऊ नये, नातं तुटतं. पाच पैसे दे." माझ्याकडं पाच पैसे नव्हते. दुष्काळात पोराच्या खिशात कुठून असणार? मी मान खाली घातली. नाना म्हणाले, "बरं, उधार. उचल."

चाकू उचलला. उधारी राहिली.

तो चाकू माझ्या हातात अकरा वर्षं नुसता चाकू होता. पेन्सिलीला टोक, कैरीच्या फोडी, गुरांचं दावं कापायला. छंद असा शब्द कुणाच्या डोक्यात नव्हता. तो आला पुण्यात, डी.एड. करून झाल्यावर. मुलाखतीसाठी गेलो होतो, हाती दुपार रिकामी होती, म्हणून मित्रानं बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं. दिनकर गंगाधर केळकरांनी साधारण १९२० पासून वाडे, गावं, जुने बाजार पालथे घालून हजारो वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं. ते 'अज्ञातवासी' या नावानं कविताही लिहीत. मी दिव्यांपुढून, दारांच्या चौकटींपुढून भराभर पुढं गेलो आणि अडकित्त्यांच्या कपाटापाशी थांबलो. किती तऱ्हा! पोपट, घोडे, माणसांच्या जोड्या. पण मला नक्षीचं एवढं वाटलं नाही. आजीच्या चंचीतला अडकित्ता, जो आम्ही पोरं अंगणात फेकायचो, त्याचा सख्खा भाऊ इथं काचेआड होता, आणि त्याच्याकडं लोक आवाज न करता बघत होते.

गावी परतल्यावर पहिलं काम केलं ते आजीचा अडकित्ता शोधायचं. आजी हसली. "घे की. माझ्या तोंडात दात कुठं उरलेत सुपारी खायला." तो माझ्या संग्रहातला दुसरा नग. केळकरांना मी कधी भेटलो नाही. १९९० साली ते गेले. तरी वहीत त्यांचं नाव आहे, कारण त्यांनी मला वस्तू दिली नाही, नजर दिली.

छंद कसा लागतो, असं तरुण मुलं विचारतात. त्यांना वाटतं, एखाद्या दुकानात भारी चाकू दिसतो, तो घेतला की सुरुवात होते. तशी होतही असेल, आणि त्यात वाईट काही नाही. माझ्या मुलानं परदेशातून आणलेला एक ओपिनेल माझ्याकडं आहे. फ्रान्सच्या सव्हॉय या डोंगराळ मुलखात जोसेफ ओपिनेलनं १८९० च्या सुमाराला शेतकऱ्यांसाठी केलेला साधा घडीचा चाकू; लाकडी मूठ, पात्यावर मुकुट घातलेला हाताचा पंजा. ती खूण १९०९ पासून चालत आली आहे. शेतकऱ्याच्या खिशातला हा स्वस्त चाकू आता जगभर लोक प्रेमानं जमवतात. तलवार घडवणारा जपानी कारागीर आपलं नाव पात्याच्या शेपटावर, मुठीच्या आत झाकलं जाईल असं कोरतो. इंग्लंडातलं शेफील्ड, जर्मनीतलं सोलिंगन ही गावं पात्यावरच्या शिक्क्यानंच जगाला माहीत झाली. हे सगळं वाचताना मला नानांची तीन टिंबं आठवायची. ती त्याच जातीची होती. फक्त कुणी वहीत लिहून ठेवली नव्हती.

म्हणून मी लिहायला लागलो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि बदल्यांनी मला जिल्हाभर फिरवलं. बदलीला लोक कंटाळतात. मला दर बदलीत नवी पाती मिळाली.

अकोले तालुक्याच्या डोंगरात माणसं कमरेला मागच्या बाजूला आकडी बांधतात आणि तिच्यात कोयता अडकवतात. रानात जायचं, झाडावर चढायचं, दोन्ही हात मोकळे, आणि कोयता पाठीशी. शाळेत पोरं सोडायला येणारे बाप तसेच यायचे, व्हरांड्यात आकडी सोडून ठेवायचे आणि मग वर्गात डोकवायचे. शाळेत धार न्यायची नाही, हा नियम कुणी लावला नव्हता. तिथून निघताना एका पालकानं आकडीसकट कोयता माझ्या पिशवीत ठेवला. आकडी लाकडाची होती, कमरेच्या घामानं काळी झालेली. "गुरुजी, कोयता दुसरा मिळंल. आकडी जपा," एवढंच तो म्हणाला.

पाथर्डीतली गोष्ट सांगताना अजून आवाज जड होतो. तिकडं दसरा झाला की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, ती थेट उन्हाळ्यात परतायची. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. किती कोयते आणले, यावर त्याचा हिशेब. माणसांची मोजणी ज्या हत्यारानं होते, ते हत्यार मी हातात घेऊन कधी नीट पाहिलं नव्हतं. एका मुलीला मी वर्षभर मामाकडं ठेवायला लावलं आणि ती चौथी पास झाली. तिची आई निकालाच्या दिवशी आली. पदराखालून तिनं झिजलेला कोयता काढला आणि टेबलावर ठेवला. पातं अरुंद झालेलं, मूळच्या रुंदीच्या निम्मं. बाकीचं कुठं गेलं? उसाच्या बुडख्यांत, निसण्यावर, किती हंगामांत ते झिजून गेलं होतं. "दुसरं काय देऊ गुरुजी," म्हणाली. तो कोयता कमानपाट्याचा आहे. ट्रकच्या कमानीचं पोलाद मार खायला बनवलेलंच असतं, म्हणून आमच्याकडं चांगला कोयता त्याचाच करतात. मी त्याला आजवर धार लावलेली नाही. तिनं जिथं थांबवला तिथंच तो आहे.

याच शब्दाची आता काय दशा झाली, ते मी वर्तमानपत्रात वाचतो आणि मला वेदना होतात. 'कोयता गँग' हा शब्द पुण्यातून आला आणि सगळीकडं पसरला. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापायचा, त्याचा फोटो मोबाइलवर टाकायचा आणि पोलिसांनी दारात यायचं, हेही नेहमीचं झालं. या छंदात येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी कायदा सांगतो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम वाचा. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू सोडून, तलवार, खंजीर, संगीन आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं त्यांत येतात. जिथं बंदीची अधिसूचना असेल तिथं परवान्याशिवाय ती जवळ बाळगता येत नाहीत. शंभर वर्षांपलीकडची वस्तू पुरावशेष ठरते, आणि १९७२ च्या कायद्यानं खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. मी स्वतः तलवार, कट्यार जमवत नाही. त्यांचं तेज मला कळतं, पण माझं मन शेतातल्या आणि स्वयंपाकघरातल्या पात्यांत रमतं. युद्धाची आठवण ठेवायला इतिहासकार आहेत. भाकरीबरोबर कांदा चिरणाऱ्या विळीची आठवण कोण ठेवणार?

विळी मिळणं सगळ्यात अवघड. ती झिजून संपेपर्यंत वापरात असते आणि मग थेट भंगारात जाते. जगात बहुतेक ठिकाणी पातं हातात धरतात आणि वस्तू खाली ठेवून कापतात. आमची बाई पाटावर गुडघा रोवून पातं उभं ठेवते आणि भाजी पात्याकडं नेते. दोन्ही हात भाजीला मोकळे. टोकाला खवणी असली की नारळही तिथंच. माझ्या संग्रहात सहा विळ्या आहेत आणि त्या सहाही बायकांनी दिल्या. एकीनं देताना पाटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिच्यावर माझ्या चार लेकरांची लग्नं झाली." त्या पाटाला गुडघ्याचा खोलगट ठसा आहे.

आता एक चूक सांगायची आहे, कारण नव्या माणसानं ती करू नये. आमच्या गावच्या एका वयस्कर न्हाव्यानं, ज्यांना मी आबा म्हणायचो, नव्वदच्या दशकात वस्तरे बंद केले. एड्सच्या भीतीनं गिऱ्हाइकं अर्धं ब्लेड घालायचा नवा वस्तरा मागायला लागली होती. आबांनी वडिलांपासूनचा वस्तरा धोकटीतून काढून मला दिला. पात्यावर शेफील्डचं पुसट नक्षीदार नाव होतं. मला वाटलं, स्वच्छ करून त्यांना दाखवावा. पॉलिश पेपर घेऊन मी रात्रभर घासला. आरशासारखा चमकला. सकाळी नेला, तर आबांनी उजेडाकडं धरून बघितलं आणि हळूच म्हणाले, "नाव गेलं बघा, गुरुजी." दोन पिढ्यांनी रोज चामड्याच्या पट्ट्यावर परजूनही जे नाव टिकलं होतं, ते माझ्या हौसेनं एका रात्रीत पुसलं. आबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझा नेम आहे. तांबडा गंज खातो, म्हणून तो काढायचा, तोही तेल लावून, फडक्यानं, दिवसचे दिवस. पण जुन्या पोलादावर वापरून वापरून आलेला काळसर-करडा थर हा गंज नव्हे. तो पात्याची कातडी आहे, तिला हात लावायचा नाही. पातं चामड्याच्या म्यानात घालून ठेवायचं नाही, कारण कातडं ओल धरतं. कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवायचा आणि सुती कापडात ठेवायचं. आणि कपाटाला कुलूप. घरात नातवंडं आहेत.

धार लावायला शिकल्याशिवाय या छंदात पडू नये, असं माझं ठाम मत आहे. नानांनी मला निसण्यावर धार लावायला शिकवली तेव्हा पातं किती कलतं धरायचं, ते अंशांत नाही सांगितलं. "पात्याच्या पाठीखाली दोन रुपये सरकतील एवढं," म्हणाले, म्हणजे जवळजवळ आडवं. एका अंगानं घासत गेलं की दुसऱ्या अंगाला बारीक मुरड येते, ती नखाला लागते. ती लागली की बाजू बदलायची. शेवटी अंगठ्याच्या नखावर धार टेकवायची. घसरली तर बोथट, रुतली तर झाली. विकत घेतलेल्या महागड्या चाकूलाही मालक तेव्हाच मिळतो, जेव्हा त्यानं त्याची पहिली धार स्वतःच्या हातानं परत आणलेली असते.

नाना १९९३ साली गेले. मी तेव्हा पाथर्डीला होतो, कळलं तोवर दहावा होऊन गेला होता. मधल्या वीस वर्षांत माझ्या खिशात पाच पैसे कितीदा तरी असायचे. ते चौकोनी, ॲल्युमिनियमचं, फुंकर मारली तर उडेल असं नाणं. दर सुट्टीत जाऊन मी ते ऐरणीवर ठेवायचो आणि दर वेळी नाना ते परत सरकवायचे. "असू दे. उधारी हाय तवर येशील." पहिला पगार झाला तेव्हा धोतरजोडी नेली, ती घेतली. पाच पैसे नाही घेतले. दहाव्यानंतर गेलो तेव्हा मुंबईहून आलेल्या थोरल्याच्या हातात नाणं ठेवू लागलो. त्याला गोष्ट माहीत होती. "नानांनी घेतलं नाय, ते मी कसं घेऊ?" त्यानं ते माझ्या मुठीत बंद केलं. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी सरकारनं चलनातून काढली. आता ते देणं देताही येत नाही.

एक मात्र मला करता आलं. नाना निघोजच्या मळगंगेच्या यात्रेत आणि पौषात कोरठणच्या खंडोबाला पाल टाकून विळे-खुरपी विकायचे, हे मला माहीत होतं. निवृत्तीनंतर मी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर तीन टिंबं शोधत फिरलो. पडवीत, गोठ्यात, वळचणीला खोचलेली. आजवर अकरा पाती सापडली. जवळ्याकडच्या एका वस्तीवर म्हातारीनं कांदे कापायचा विळा दाखवला. मूठ तीनदा बदललेली, पातं बोटभर उरलेलं, पण टिंबं शाबूत. "हे कुणाचं, आठवतं का?" मी विचारलं. "पारनेरच्या लव्हाराचं. लई गोड बोलायचा," ती म्हणाली आणि विळा जमिनीवर ठेवला, मी उचलावा म्हणून. मी दहा रुपये पुढं केले. तिनं घेतले. मला बरं वाटलं, आणि वाईटही.

दर खंडेनवमीला मी सगळी पाती धुऊन-पुसून सतरंजीवर मांडतो. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आळीतली पोरं जमतात. एकेक पातं उचलून मी वहीतलं वाचून दाखवतो: कुणी दिलं, कुठल्या गावचं, कशाला वापरायचे, केलं कुणी. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'माहीत नाही' असं लिहिलेलं आहे, आणि ते दर वर्षी वाचताना मला लाज वाटते. देणाऱ्याला विचारलं असतं तर त्या वेळी कळलं असतं.

लिंबाखाली आता मोबाइलचं दुकान आहे. नानांची ऐरण त्यांच्या नातवानं विकली नाही, घराच्या पायरीशी ठेवली आहे. पारनेरला येणं झालं, तर दाखवीन.

तोवर एक करा. घरातली जुनी विळी, अडकित्ता, खुरपं भंगारवाल्याच्या काट्यावर घालण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कुणी केलं, आणि लिहून ठेवा. पुढच्या पोराच्या छंदाची सुरुवात त्या चिठ्ठीतून होईल. आणि तुमच्या गावात एखादा भाता अजून चालू असेल, तर बोथट झालेला विळा घेऊन तिकडं जा, पाजवून घ्या. पैसे रोख द्या.